गोळ्या सुरू होऊन महिना उलटला. आता धीर धरायचा म्हणजे नक्की करायचं काय?

गोदाकाठ
मंगळवार, रात्री ११:१०

हा ड्युआयडी (दुसऱ्या नावाने काढलेला डुप्लिकेट आयडी) आहे हे आधीच सांगतो. मूळ आयडीने नाशिकमधले बरेच जण ओळखतात आणि त्यातले दोघे माझ्याच कंपनीत आहेत, तेव्हा समजून घ्या.

पावसाळा सुरू झाला तेव्हापासून त्रास होता. पहाटे चारला जाग यायची ती छाती धडधडतच. पोटात गोळा, तळहाताला घाम, आणि कारण काहीच नाही. कंपनीत (अंबड एमआयडीसी, क्वालिटी) रिपोर्टवरचे आकडे डोळ्यांना दिसायचे, डोक्यात शिरायचे नाहीत. आधी हार्टचं असेल म्हणून ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं झालं. हार्ट ठणठणीत. मग थायरॉइड, बी-१२. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, थोडी तरतरी आली, पण पहाटेचं काही थांबेना. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं. निदान अँग्झायटी आणि सोबत डिप्रेशन. एस्सिटालोप्राम आधी ५ मिलिग्रॅम, आठवड्याने १०. झोपताना क्लोनाझेपामची अर्धी गोळी, तीही 'ही थोडेच दिवस हं' असं बजावून.

सुरुवातीला मळमळ, जांभयांवर जांभया, तोंडाला कोरड, आणि घालमेल उलट वाढली. असं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं. मग हळूहळू उतार पडू लागला. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी सगळे मिसळ खायला गेलो होतो. खाता खाता मी कांदा आणखी मागितला. कोणाला सांगितलं तर हसतील, पण त्याआधी कितीतरी दिवस मी पुढ्यात येईल ते गिळत होतो, मागून काही घेतलं नव्हतं. बायकोने नुसतं पाहिलं माझ्याकडे. आईला वाटलं, झालं, आला मुलगा ताळ्यावर.

आणि बुधवारी पहाटे पुन्हा तेच. तीच धडधड, तोच गोळा. त्यात गल्लीत विसर्जनासाठी ढोलपथकाचा सराव चाललेला. संध्याकाळी घरी आलो आणि बूट न काढता पलंगावर बसून राहिलो. गुरुवार तसाच. शुक्रवारी बरा. आजचं सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणतात धीर धरा. बायको म्हणते धीर धर. आई म्हणते गोळ्या बंद कर आणि धीर धर. माझी ना नाही हो, पण धीर धरायचा म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत नक्की करायचं काय? जे यातून गेलेत त्यांनी लिहा. 'सकारात्मक विचार करा' छाप प्रतिसाद कृपया नकोत, ते व्हॉट्सॲपवर मुबलक मिळतात.

साखरआंबा
मंगळवार, रात्री ११:४८

कांद्यासाठी अभिनंदन. हसणार नाही, कारण माझ्या बाबतीत ती गोष्ट केसांना तेल लावणं ही होती.

धाकटीच्या वेळी बाळंतपणानंतर मला सर्ट्रालिन (तुमच्याच जातीची गोळी) सुरू झालं होतं. बुधवारचं सगळं वाचून मला माझेच दिवस आठवले. जूनमध्ये चार दिवस धो धो पडतो आणि मग पंधरा दिवस दडी मारतो, म्हणून काही कोणी पावसाळा आलाच नाही म्हणत नाही. तसंच आहे हे. पहिला चांगला दिवस आला की माणसाला वाटतं सुटलो, आणि मग जो वाईट दिवस येतो तो आधीच्यापेक्षा दुप्पट लागतो. खरं तर तो आधीइतकाही वाईट नसतो. तुम्हीच लिहिलंय बघा, बुधवार-गुरुवार वाईट आणि शुक्रवारी बरा. जुलैमध्ये किती शुक्रवार बरे होते?

अजून एक. माझी सुधारणा आधी माझ्या बहिणीला कळली, मग नवऱ्याला आणि सगळ्यात शेवटी मला. 'तू आज फोनवर मधेच तोडून बोललीस, बरं वाटलं' असं बहीण म्हणाली तेव्हा मी चिडले होते.

सांगलीकर_डॉ
बुधवार, दुपारी २:२०

मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यावर कोणाचं निदान करणार नाही, डोस सांगणार नाही, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत. पण 'धीर धरा' एवढंच सांगून आम्ही लोक पुढच्या पेशंटला हाक मारतो ही तक्रार रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एस्सिटालोप्राम घेतल्यावर त्याची रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण आठवडा लागतो. मेंदूतल्या पेशींच्या फटींमधलं सेरोटोनिन (पेशी एकमेकींना निरोप पोचवायला वापरतात ते रसायन) तर पहिल्या काही तासांतच वाढायला लागतं. म्हणजे नुसतं 'सेरोटोनिन कमी पडलं, ते भरलं' एवढंच असतं तर दुसऱ्या दिवशी सगळे नाचत कामावर गेले असते. तसं होत नाही. पेशींवरचे जे ग्राहक (रिसेप्टर) सेरोटोनिनचा स्राव रोखून धरतात ते हळूहळू सैल पडतात, पेशींमधले जोड बदलतात, आणि याला आठवडे जातात. म्हणून गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे, तेही पुरेशा डोसवर. यातलं सगळं विज्ञानाला कळलंय असं नाही. 'रासायनिक असंतुलन' हे आम्ही पेशंटना समजावण्यासाठी वापरलेलं सोपं चित्र आहे, खरी गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे.

ऑक्सफर्डला कॅथरिन हार्मर यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. त्यातून असं दिसतं की औषध सुरू झाल्यावर सुरुवातीलाच माणूस चेहरे आणि प्रसंग वाचतो त्यात फरक पडायला लागतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर दरवेळी नाराजीच दिसते ते कमी होतं. पण मन हलकं होणं मागाहून येतं, कारण त्या बदललेल्या नजरेने रोजचे व्यवहार काही काळ व्हावे लागतात. साखरआंबांच्या बहिणीला आधी कळलं ते याला धरूनच आहे.

साधारण क्रम असा : झोप, भूक, चिडचिड आधी सुधारतात. कामातला जोर नंतर. आणि 'आवड' सगळ्यात शेवटी. लोकांची गडबड इथे होते. झोप लागायला लागली, पण गाणं ऐकावंसं वाटत नाही, म्हणजे गोळी लागू पडली नाही असं ते ठरवून टाकतात.

आता आकडे. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, निकाल २००६ मध्ये आले. सुमारे चार हजार पेशंट, पहिलं औषध सिटालोप्राम, म्हणजे तुमच्या गोळीचं थोरलं भावंड. पहिल्याच औषधावर लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली असे साधारण एक तृतीयांश. आणि या पूर्ण बऱ्या झालेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती अवस्था सहा आठवड्यांनंतर आली. या अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यांच्या आकड्यांवर नंतर वाद झाले, पण पहिल्या औषधाबद्दलचं हे ठोकताळ्याला धरून आहे.

रोजच्या रोज 'आज कसं वाटतंय' असं स्वतःला विचारू नका. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, ० ते २७ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. दर दोन आठवड्यांनी एकदा भरा, तारीख टाका, फॉलोअपला घेऊन जा. पाच गुण उतरले तरी ते दखल घेण्याजोगं असतं. बुधवार तिथे मावत नाही, पंधरवडा मावतो.

जुनाखेळाडू
बुधवार, दुपारी ३:०५

कशाला त्या गोळ्यांच्या नादाला लागता? एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाहीत. रोज सकाळी पाच किलोमीटर चाला, अश्वगंधा घ्या, मोबाइल बंद ठेवा. आमच्या वडिलांच्या पिढीत कोणाला डिप्रेशन झालं होतं?

अमृता_ठाणे
बुधवार, दुपारी ३:३१

झालं होतं. त्याला 'आमचे काका जरा विरक्त होते' म्हणायचे.

सांगलीकर_डॉ
बुधवार, दुपारी ४:१५

@जुनाखेळाडू, चालण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. व्यायामाचा उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे, पण गोळीच्या जोडीला, गोळी फेकून नव्हे. अश्वगंधा घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून घ्या. झोपेच्या आणि थायरॉइडच्या औषधांसोबत ती गोंधळ घालू शकते. सवयीचं म्हणाल तर ज्या गोळीची सवय लागू शकते ती क्लोनाझेपाम, म्हणूनच 'थोडेच दिवस'. एस्सिटालोप्रामची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. ती एकदम बंद केली तर त्रास होतो, पण ती वेगळी गोष्ट.

मावळतीकडे
बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आता जरा उलट बाजू मांडते, कारण 'धीर' या प्रकरणाने माझं नुकसान केलंय.

माझी पहिली गोळी लागू पडली नाही. थोडीसुद्धा नाही. पहिल्या महिन्यात मी विचारलं, उत्तर आलं धीर धरा. दुसऱ्या महिन्यात विचारलं, धीर धरा. तिसऱ्या महिन्यात मी विचारणं बंद केलं, कारण मला वाटायला लागलं की मीच नीट धीर धरत नाहीये, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि डिप्रेशनमध्ये माणसाला हे पटायला वेळ लागत नाही! डोस तोच, औषध तेच, भेट चार मिनिटांची. दिवाळी गेली, संक्रांत आली. नवऱ्याच्या मावशीने जबरदस्तीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'किती टक्के फरक आहे?' मी म्हटलं, शून्य. ते म्हणाले, 'मग इतके दिवस थांबलात कशाला?' औषध बदललं, व्हेन्लाफॅक्सिन दिलं, डोस टप्प्याटप्प्याने वाढवला. मला त्याने गुण आला. दुसऱ्या कोणाला कदाचित त्याच पहिल्या गोळीने आला असता, हे मला मान्य आहे.

सांगायचं एवढंच की धीराला मुदत असते आणि ती आधी ठरवून घ्यावी लागते. पेशंटने डॉक्टरांना विचारायचं, 'कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची, तोवर काय दिसायला हवं, आणि नाही दिसलं तर पुढचं पाऊल कोणतं?' तीन प्रश्न. उत्तर मिळालं की मी खुशाल वाट पाहीन. उत्तर नसेल तर तो धीर नव्हे, नुसतं ताटकळणं आहे.

गोदाकाठ, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला फरक पडलाय, तुम्ही कांदा मागितलाय. पण हा धागा उद्या असं कोणीतरी वाचेल ज्याला काहीच फरक नाही, त्याच्यासाठी लिहिलं.

सांगलीकर_डॉ
बुधवार, रात्री १०:४०

@मावळतीकडे, तुमच्या तीन प्रश्नांचा कागद मी वेटिंग रूममध्ये लावावा म्हणतो.

खरंच तसं आहे. पुरेशा डोसवर चार आठवड्यांत काहीच, अगदी झोप-भूकसुद्धा, हललं नसेल तर डॉक्टरांनी फेरविचार करायला हवा : डोस, औषध, निदान, थायरॉइड, दारू, गोळी नियमित पोटात जातेय का, सगळंच. थोडा फरक असेल तर सहा-आठ आठवड्यांपर्यंत थांबण्यात अर्थ आहे.

आणि काही गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही. मरणाचे विचार येणं किंवा वाढणं. एका जागी बसवत नाही इतकी आतून अस्वस्थता. उलट टोकाचं म्हणजे अचानक झोपेची गरजच उरली नाही, बोलणं-खर्च-बेत यांना ऊत आला, हेही. ताप, थरथर आणि गोंधळलेपण एकत्र आलं तर थेट इमर्जन्सी. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये तरुणांसाठी तशी ठळक सूचना औषधांवर छापायला लावली ती उगाच नाही. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

पाटीपेन्सिल
गुरुवार, सकाळी ७:१५

शाळेत जायच्या आधी पटकन लिहिते. मी पेशंट नाही, पेशंटची बायको.

आमच्याकडे धीर संपला तो बरं वाटायला लागल्यावर. ह्यांना पॅरोक्सेटिन होतं. पाच-सहा महिन्यांत माणूस अगदी पहिल्यासारखा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायला लागले तेव्हा तर मला आनंदच झाला. आणि मग एके दिवशी, कोणाला न विचारता, गोळी बंद. 'आता मला काही होत नाहीये, मग कशाला?' दोन-तीन दिवसांत चक्कर, उलटीसारखं, आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. मानेचा एमआरआय काढेपर्यंत मजल गेली. गोळी बंद केलीय हे त्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं ना! शेवटी मला कपाटात भरलेली पाकिटं सापडली. सायकिॲट्रिस्ट म्हणाले, पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर जातं, म्हणून ते एकदम सोडल्यावर हा त्रास जास्त होतो. पुन्हा सुरू केली तसे झटके थांबले. पुढे ती थोडी थोडी करत कमी केली, शेवटी शेवटी तर गोळीचे तुकडे करून.

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि आजार उलटून येणारा असेल तर त्याहून बराच जास्त काळ, असं त्यांनी सांगितलं. हे आम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं.

घरच्यांनाही धीर लागतो यावर कोणी लिहीत नाही. रोज संध्याकाळी दार उघडताना मी ह्यांचा चेहरा वाचायचे. आज कसा आहे? त्यांना ते कळायचं आणि त्याचंच ओझं व्हायचं. समुपदेशक बाईंनी मला सांगितलं, दार उघडल्यावर आधी पिशवी हातात घ्या आणि भाजी काय आणली ते विचारा. साधं होतं, पण फार उपयोगी पडलं. शाळेची वेळ झाली, पळते.

नुस्ताच_वाचक
गुरुवार, सकाळी १०:०२

उत्तम धागा. आयुष्यात पहिल्यांदा लॉगिन करून प्रतिसाद देतोय.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, 'मी पण तुझा चेहरा वाचते, पण मला वाटलं तुला कळत नसेल.' त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. भाजीच्या पिशवीचा प्रयोग आजपासून.

आईचं म्हणाल तर तिला गोळ्यांचीच भीती आहे. तिच्या माहेरच्या एकांना फार पूर्वी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, तिच्या डोक्यात ते एकच चित्र. तिला मी काल विचारलं, तू बीपीची गोळी बापू गेले तेव्हापासून घेतेस, ती सवय का? तर म्हणाली, ते वेगळं, ते रक्ताचं. हरलो. पण आज सकाळी माझ्या डब्याशेजारी पाण्याचा ग्लास आणि गोळी काढून ठेवलेली होती. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

पीएचक्यू-९ भरली. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी जी भरून घेतली होती त्यात १८ होते, फाइलमध्ये सापडलं. आत्ता ११. मला खरंच वाटलं होतं की आहे तिथेच आहे. क्वालिटीवाला माणूस आहे मी, कंपनीत एका सॅम्पलवरून अख्खा लॉट रिजेक्ट करत नाही, घरी मात्र एका बुधवारवरून तेच चाललं होतं.

पण मूळ प्रश्न अजून आहेच. पहाटे चारला काय करू?

अमृता_ठाणे
शुक्रवार, सकाळी ६:१०

या प्रश्नावर मी तज्ज्ञ आहे. डॉक्टर नाही, पहाटे चारची तज्ज्ञ.

पहिलं म्हणजे लोळत पडायचं नाही. जाग आली, थोडा वेळ कुशी बदलून पाहिली, नाही लागली झोप तर उठायचं. अंथरुणात पडून धडधड मोजत बसलं की अंथरूण आणि धडधड यांची गाठ पक्की होते. मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि मेथीची जुडी निवडायचे. खरंच. आदल्या रात्रीच जुडी आणून ठेवायची, वर्तमानपत्र पसरायचं, एकेक काडी घ्यायची, पानं खुडायची, देठ बाजूला. बोटांना काम, डोळ्यांना काम, आणि संपलं की डबाभर भाजी समोर. पाय गार फरशीवर असायचे, ते बरं वाटायचं. मेथी नसेल तेव्हा शेंगा फोडल्यात, लसूण सोललाय. आमच्याकडे त्या वर्षी सोललेल्या लसणाला तोटा नव्हता. तुम्ही बूट पॉलिश करा, बाइकची चेन साफ करा, काहीही, पण हाताने करायचं आणि ज्याला शेवट आहे असं. मोबाइल हातात घ्यायचा नाही. त्या वेळी गोळीचं नाव टाकून शोधलं की जगभरातले ज्यांचं बिनसलं तेच भेटतात, ज्यांना बरं वाटलं ते त्या वेळी झोपलेले असतात.

दुसरं. धडधड आली की तिच्याशी भांडायचं नाही. मी ठाण्याला आयपीएचमध्ये, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, समुपदेशनाला जायचे. तिथे मला विवेकनिष्ठ विचारपद्धती शिकवली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची. मुद्दा असा की 'मला पुन्हा असं होताच कामा नये' हा हट्टच निम्मा त्रास देतो. 'होऊ नये असं मला फार वाटतं, पण झालं तर ते वाईट आहे, असह्य नाही' हे वाक्य मला लिहायला लावलं होतं. तेव्हा पोपटपंची वाटली. बोलणं आणि गोळी दोन्ही चालू असताना कधीतरी ते आत गेलं.

तिसरं, दिवसाचा आराखडा मूडवर सोपवू नका. वाटलं तर फिरायला जाईन, हे नाही. साडेसहाला चप्पल घालायची, वाटो न वाटो, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलं तरी चालेल. आवड शेवटी येते असं डॉक्टर म्हणालेच आहेत, मग ती येईपर्यंत कामं तिच्यावाचून करायची. बरा दिवस असला की सगळी राहिलेली कामं एकाच दिवसात उरकायची नाहीत. माझा प्रत्येक वाईट दिवस असाच एखाद्या बऱ्या दिवसाच्या मागोमाग यायचा.

दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दारू या काळात नकोच.

तूर्तास_अनामिक
शुक्रवार, रात्री ११:५५

कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होते, किंवा इच्छा असते पण शेवटापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. मला झालं. डॉक्टरांनी विचारलं नाही, मला सांगायची लाज वाटली, बायकोला वाटलं तिच्यातच काही कमी आहे. असे कितीतरी महिने गेले. धीर धरण्याची ही बाजू सगळ्यात एकाकी आहे. शेवटी चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर सरकवली. ते शांतपणे म्हणाले, अगदी नेहमीची तक्रार आहे, उपाय आहेत. डोस कमी केला, बराच फरक पडला.

सांगलीकर_डॉ
शनिवार, सकाळी ९:३०

धन्यवाद, हे लिहायला हिंमत लागते. बाकी दुष्परिणाम बहुतेक एक-दोन आठवड्यांत ओसरतात. हा मात्र आपोआप ओसरेलच असं नाही, म्हणून इथे मुकाट्याने सोसू नका. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. बायकांनाही होतं, त्या तर त्याहून कमी सांगतात.

कोल्हापुरी_रस्सा
शनिवार, दुपारी १२:४०

डॉक्टरसाहेब, धाग्याला थोडं सोडून आहे, पण आमच्या आक्कांना (वय ७४) याच जातीची गोळी सुरू झालीय. बीपीसाठी लघवी होण्याची गोळी आधीपासून आहे. दोन दिवस त्या जरा बरळल्यासारखं करतात, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात सुरुवातीचा त्रास आहे, धीर धरा.

सांगलीकर_डॉ
शनिवार, दुपारी १२:५२

इथे धीर धरू नका. आजच डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी, विशेषतः लघवीच्या गोळीसोबत, सोडियम उतरू शकतं. आणि सगळ्यांसाठीच, गुडघेदुखीला परस्पर आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक घेऊ नका, या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी घेतानाही आपली गोळी केमिस्टला दाखवा.

कोल्हापुरी_रस्सा
शनिवार, संध्याकाळी ७:२०

सोडियम १२१ निघालं. ॲडमिट केलंय. आता बऱ्या आहेत, नर्सबाईंना तांबड्या रश्शाची कृती सांगतायत. फार उपकार झाले साहेब.

पाटीपेन्सिल
शनिवार, रात्री ८:०५

बापरे. बरं झालं विचारलंत.

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून : ह्यांच्या जेनेरिक गोळ्या ब्रँडच्या मानाने खूपच स्वस्त पडल्या, डॉक्टरांना विचारून बदलल्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथेही गोळ्या मिळतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. मात्र ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मुळातच नसतो, तो नीट वाचून घ्या.

गोदाकाठ
पुढचा बुधवार, रात्री ९:४०

आज फॉलोअप होता. मावळतीकडे, तुमचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर जरा चमकले, मग खुर्चीत मागे टेकून नीट बोलले. उत्तर असं : डोस १० च ठेवायचा, क्लोनाझेपाम आता दिवसाआड आणि मग बंद. आठव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा प्रश्नावली. गुण पाचाच्या खाली आले नाहीत तर १५ करायचा विचार, आणि सोबत समुपदेशन आत्तापासूनच. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिली, बायकोच्या अक्षरात.

या आठवड्यात दोन पहाटा वाईट गेल्या. मेथी नव्हती, बाइकची चेन साफ केली. शेजारच्यांना वाटलं चोर आला. दुसऱ्या वेळी धडधड होती पण चेन साफ करताना मधेच मला आठवलं की पुढच्या शनिवारी ऑडिट आहे, आणि मला त्याची नेहमीची, साधी, पगारी नोकरांना वाटते तशी चिंता वाटली. तेवढ्यानेही बरं वाटलं.

एक प्रश्न राहिला. नवरात्रात मी नऊ दिवस उपवास धरतो, कॉलेजपासून. आई म्हणते, उपवासात गोळी कशी चालेल? डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

सांगलीकर_डॉ
बुधवार, रात्री १०:३०

एस्सिटालोप्राम उपाशीपोटी किंवा जेवून, कसंही चालतं. मळमळ होत असेल तर काहीतरी पोटात घालून घ्या. वेळ मात्र तीच ठेवा, आणि निर्जळी उपवास करू नका. यंदा नऊऐवजी उठता-बसता केलेत तरी देवी समजून घेईल, पण तो निर्णय तुमचा आणि आईंचा. तुमच्या डॉक्टरांना एक फोन करून कानावर घाला.

साखरआंबा
बुधवार, रात्री १०:५१

गोळी उपवासाला चालते. मी भगर-आमटीसोबत घ्यायचे.